ओट्याची कड

जयवंताबाईला होडीत बसवायला तीन माणसं लागली, आणि तिघांनीही शिव्या खाल्ल्या. बडनेऱ्याजवळच्या याच गिट्टीखदानीत तिनं एकवीस वर्षं काळा फत्तर वाहिला होता. आता खदानीचं तळं झालं होतं. काठावर बाकं होती, पाणकावळे होते आणि पोरांना डुंबायला दोरीनं आखलेली जागा होती. ती जागा रविवारी खुली होणार होती. तिथं पहाऱ्याला तिची नात पौर्णिमा.

"चार ठिकानी मोजलं मावशी," इमरान म्हणाला. तळ्याचं काम पाहणारा हा अकोल्याचा इंजिनीअर. "सगळीकडे कंबरभरच पानी हाय."

"खदान म्हंजे भात नोहे बाप्पा, चार शितं दाबून समजाले. ओटे पाडून, पायऱ्यांवानी खनलेली हाय ती. ओट्याची कड संपली का खाली सात पुरुस."

एक पुरुस म्हणजे हात वर करून उभा माणूस.

"मंग कड दाखव ना आजी," पौर्णिमा म्हणाली. "तीस पोरं येतीन. मी एकटी."

म्हणून होडी, वल्हं पौर्णिमाच्या हाती. पण पाण्यावर आल्यावर जयवंताबाईला काही ओळखू येईना. तिनं पाण्यात बोट दाखवलं, "इथं." इमराननं दगड बांधलेली दोरी सोडली. कंबरभर. "मंग इथं." तिथंही कंबरभर. इमराननं दोरी मुकाट गुंडाळून घेतली, तेच तिला जास्त झोंबलं.

मग तिला उमगलं. आपण खाली पाहून शोधतोय. डोक्यावर टोपलं असलं की बाईला आपले पाय दिसत नाहीत. तिथं कोणी खाली पाहून चाललंच नव्हतं. सगळ्या जणी समोर काठाकडं पाहायच्या. वरच्या काठाला एक खाच होती आणि खाचेमागं उंबर. उंबर बरोबर खाचेत आला की पाय रोवायचे. पुढं कड.

होडीत खाच तिच्या पाठीशी आली होती; म्हातारी मान वळेना, तशी ती उताणी पडली.

"आजी, चक्कर आली का?"

"चूप बस. आभाय पाहू दे."

काठ तेव्हा इतका उंच होता की वरचा मुकादम कावळ्याएवढा दिसे. आता काठ हाताशी आला होता. सुरुंगाची धूळ जिथवर उडायची तिथवर पाणी चढलं होतं, आणि त्या धुळीच्या जागी ती तरंगत होती. खाली कुठंतरी तिच्याच टाचांनी गुळगुळीत केलेली वाट असेल, आणि तिच्यावरून आता मासे जात असतील.

"हळू चालव. डोक्यावर टोपलं हाय असं समज."

खाच सरकत आली. तिच्यामागं उंबर, आता चांगला दांडगा झालेला.

"थांब."

इमराननं होडीच्या पुढून दोरी सोडली. ती जातच राहिली. शेवटी मोकळं टोक त्याच्या बोटांत उरलं.

त्यानं मान वर केली. पोरांसाठी आखलेली दोरी कडेच्याही पाच हात पुढं, खोलात होती.

"किती मागं घेऊ, मावशी?" त्यानं विचारलं.

"पंधरा पावलं. अन् पोरीले उंबर दाखव. पान्यात पोरं असताना ते काई मोजत बसनार नाई."

पौर्णिमा खाचेकडं पाहत राहिली, नीट, दोनदा. मग तिनं आजीला उठवायला हात पुढं केला.

"राहू दे वं. पडतो जराशी," जयवंताबाई म्हणाली. "एवढं आभाय इथून कवा दिसलंच नाई. डोक्यावर टोपलं राहे."