मूत्रपिंडं झोपलीत, मेली नाहीत

लुएला टोनिहकाच्या गोळ्यांची बाटली कुणी लपवली हे ओळखायला फार अक्कल लागत नव्हती. घरात माणसं दोनच. दुसरी तिची धाकटी बहीण व्होंडा, शेगडीपाशी पाठ करून मक्यात शिजणारं डुकराचं मांस ढवळत उभी होती. इतका वेळ ते कुणी ढवळत नाही.

"बाटली दे."

"नाही देणार. काल चर्चच्या स्वयंपाकघरात धाडकन पडलीस. प्रेशर उतरवायची गोळी, आणि तुझं प्रेशर आधीच पायाशी आलंय! आणि ताई, वाचवायचं काय राहिलंय? किडन्या तर गेल्या."

लुएलाची कातडी काही वर्षांपासून आवळत चालली होती. स्क्लेरोडर्मा. अमेरिकेत ओक्लाहोमाच्या या कोपऱ्यात आम्हा चॉक्टॉ आदिवासींच्या घरांना हे नाव शिकवावं लागत नाही. बोटं आखडली, तोंड पुरतं उघडेना, तरी रविवारी ती स्तोत्रं म्हणायचीच, मोठ्यानं आणि बेसूर. मग हिवाळ्यात सांधे धरले. व्होंडाच्या दम्याच्या स्टेरॉइडच्या गोळ्या उरल्या होत्या. आमच्यात जेवण वाटतात तशी औषधंही वाटतात. नको म्हणणं उद्धटपणाचं. लुएलानं त्या घेतल्या. रक्तदाब असा भडकला की डोळ्यांपुढे अंधारी आली आणि किडन्या बंद पडल्या. या आजारात स्टेरॉइड घातक ठरू शकतं, हे दोघींना इस्पितळात कळलं. तेव्हापासून डायलिसिस सुरू होतं.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? किडन्या झोपल्यात. कुणाकुणाला वर्षानंही जाग येते. पण ही गोळी चालू राहिली तरच."

"कुणाकुणाला! आईला आली का?"

"आईच्या वेळी ही गोळी नव्हती. माझ्या वेळी आहे, आणि ती तुझ्या ॲप्रनच्या खिशात आहे."

व्होंडानं डाव खाली ठेवला. "माझ्या गोळ्यांनी तू त्या यंत्राला जुंपली गेलीस. आता आणखी एका गोळीनं तुझं बरंवाईट झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

लुएलाला तिची दया आली. रागही आला, आणि राग जास्त होता.

"म्हणजे तुला बरं वाटावं म्हणून मी किडन्यांवर पाणी सोडू? पहिली चूक आपण दोघींनी मिळून केली. दुसरी मी करू देणार नाही. चक्कर येते ना? मग फोन लाव डॉक्टरीणबाईंना. विचारू. पण मरेन ती झुंजून मरेन, घाबरून नाही!"

फोन झाला. मात्रा कमी झाली, डायलिसिसच्या दिवशी गोळी यंत्रावरून उठल्यावर घ्यायची ठरली. बंद मात्र अजिबात करायची नाही, असं बाईंनी बजावलं. व्होंडानं तोंड वाकडं करून बाटली टेबलावर ठेवली.

वसंत गेला, उन्हाळा गेला. लघवी मोजायचं भांडं कोरडंच राहायचं. चर्चमधल्या बायका हळूच म्हणायच्या, देवाची मर्जी. "मला अजून त्यानं काही कळवलेलं नाही," लुएला म्हणायची आणि गोळी गिळायची.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा एका सकाळी न्हाणीघरातून हाक आली. "व्होंडा! ये इकडं!"

ताई पडली असंच व्होंडाला वाटलं. ती धावली. लुएला उभी होती, दोन्ही आखडलेल्या हातांत ते भांडं घट्ट धरून. त्यात अर्धा कप लघवी होती.

"बघ," लुएला म्हणाली.

व्होंडा हमसून हमसून रडायला लागली.

"रडतेस काय? मोजलं ना, आता ओत ते."

व्होंडानं भांडं हातात घेतलं, छातीशी धरलं, आणि काही केल्या ओतायला तयार होईना.