मधुमतीच्या नावाने

"माझा होकार नाही," यमुनाबाई म्हणाल्या. समोरच्या प्रोफेसर हॉलंडबाईंना कळू नये म्हणून त्या मराठीत बोलल्या, पण तो सूर कुणालाही कळला असता.

"यमू, इथे नको," उदयराव पुटपुटले.

"मग कुठे? त्या पोरीला तिकडे पाठवून झाल्यावर?"

ब्रिस्टल युनिव्हर्सिटीतल्या त्या लहानशा खोलीत मधुमती निमकर निधीची पहिली निवड चालली होती. मधुमती ही या नवराबायकोची एकुलती एक मुलगी. मादागास्करच्या दक्षिणेला कबरींवर कोरीव लाकडी खांब उभे करतात, त्यांचा अभ्यास करायला ती गेली होती. विमानाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन असलेल्या बापाला तिने तिकडून आपल्या इंग्लंडात वाढलेल्या मोडक्या मराठीत फोन केला होता, "बाबा, इथे एका खांबवर विमान कोरलाय! तुमची फॅक्टरीतला वाटतो!" पुढच्याच महिन्यात तिथल्या एका आडगावात तिला मलेरिया झाला. हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. ही गोष्ट एकोणनव्वद सालची.

त्यानंतर उदयरावांनी हा निधी उभा केला. भारताच्या, चीनच्या कलेसाठी पैसे देणारे पुष्कळ होते. मादागास्करला जाऊ म्हणणाऱ्या नवख्या मुलांना मात्र कुणी दारात उभं करत नसे. निवड ते दोघं आणि हॉलंडबाई अशा तिघांच्या एकमताने व्हायची, असा नियमही त्यांनीच केला होता. आज, मधुमती गेल्यावर पाच वर्षांनी, तोच नियम आडवा आला होता.

केरन पाइक नावाची चोवीस वर्षांची मुलगी नुकतीच मुलाखत देऊन बाहेर गेली होती. यमुनाबाईंनी तिला एकच प्रश्न विचारला होता : लंडन-पॅरिसच्या संग्रहालयांत असे खांब आहेत, तेवढ्यावर नाही का भागणार?

"तिथे ते नुसते उभे असतात," केरन म्हणाली होती. "कुणी कोरले, कुणासाठी कोरले, हे त्या गावातली माणसंच सांगतील. तिकडे जायचंच नसेल, तर मला हे पैसे नकोत."

असं तोंडावर बोलणारी पोर यमुनाबाईंनी घरातच पाहिली होती. त्या उठल्या आणि जिना उतरून कॅन्टीनमध्ये गेल्या.

चहा घेऊन बसतात न बसतात, तोच एक जाडसर, लालबुंद चेहऱ्याची बाई समोर येऊन उभी राहिली.

"हा निधी जिच्या नावाचा, त्या मुलीच्या आई ना तुम्ही? मी ब्रेंडा. केरनची आई. शाळेत मुलांना जेवण वाढते मी." ती न विचारताच बसली. "तिला इथल्या घरकर्ज देणाऱ्या बिल्डिंग सोसायटीत नोकरी मिळतेय. हे जमलं नाही, तर सोमवारी ती घेईल. तिला बाप नाही. मी नको म्हटलं तर थांबेल ती. मिसेस निमकर, सांगा ना, नको म्हणू का?"

यमुनाबाईंनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. सगळं परस्पर मिटलं असतं, उदयरावांशी भांडावंही लागलं नसतं. त्यांनी कप खाली ठेवला. वीस वर्षं त्या वॉर्डात सिस्टर होत्या. पेशंटच्या माणसांशी त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"माझ्या मुलीने मलेरिया होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या बंद केल्या होत्या," त्या म्हणाल्या. "त्या घेतल्या की झोप येत नाही, असं फोनवर म्हणायची. मग ताप आला तोही अंगावर काढला. निघायचं ठरवलं तेव्हा गावात गाडी नव्हती."

"म्हणजे... पाठवू?"

"ते मी कसं सांगू? मी अजूनही घाबरते. पण तुम्ही विचारलंत, म्हणून जे झालं ते सांगितलं."

ब्रेंडाने टेबलावर सांडलेली साखर बोटाने गोळा केली. मग म्हणाली, "नको म्हटलं, तर ती थांबेल. पण माझ्याकडे बघणार नाही पुन्हा."

यमुनाबाई वर निघाल्या. त्यांना शोधत उदयराव जिन्यातच भेटले. तिथेच यमुनाबाईंनी त्यांना गोळ्यांचं सांगितलं.

उदयरावांनी कठडा धरला. "तुला कधी कळलं?"

"तिचं सामान आलं तेव्हा. गोळ्यांची डबी अर्धीअधिक भरलेलीच होती."

"मला सांगितलं नाहीस?"

"अहो, तुम्ही त्या खांबांबद्दलच बोलायचात. तेवढंच बोलायचात. कसं सांगणार होते?"

उदयराव पायरीवर बसले. यमुनाबाईही शेजारी बसल्या. वरून उतरणारी मुलं अंग चोरून जात होती. दोघंही उठायचं नाव घेईनात.

खोलीत परतल्यावर त्या इंग्रजीत, सावकाश बोलल्या. "माझा होकार आहे. पण ती गावात असेल तोवर तिच्या दाराशी गाडी आणि ड्रायव्हर हवा. पैसे कमी पडले तर तिचे तिथले महिने कमी करा, गाडी कमी करायची नाही. आणि जायच्या आधी तिला माझ्याकडे पाठवा. ताप आला की काय करायचं, ते मी शिकवीन."

हॉलंडबाईंनी उदयरावांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

जूनमध्ये केरन निघाली. हीथ्रोवर तिने आईला मिठी मारली, यमुनाबाईंचा हात हातात घेतला आणि पासपोर्ट दाखवून आत गेली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत ब्रेंडा हसत हात हलवत होती. मुलगी दिसेनाशी झाली, तसा ब्रेंडाचा बांध फुटला. रुमाल शोधायचा म्हणून तिने आपली पर्स यमुनाबाईंच्या हातात दिली आणि तशीच रडत राहिली.

लोक बाजूने ट्रॉल्या ढकलत जात होते. यमुनाबाई ती परकी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून, तिचं रडू आवरेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.