खालची पट्टी

दुकानदाराने मायकाचा दांडा थोडा खाली घेतला, स्क्रू आवळला आणि विचारलं, "गाणार कोण?"

पंचफुला एक पाऊल पुढे सरकली. पदर तिने आधीच कमरेला खोचला होता. गायला उभं राहताना ती तो तसाच खोचायची.

"ही पोरगी," देवमन म्हणाला, आणि मागे उभ्या असलेल्या शालूला दंडाला धरून त्याने पुढे केलं.

पंचफुला जिथल्या तिथे थांबली. शालूने आधी काकीकडे पाहिलं, मग बापाकडे. तिचा बाप, धर्मपाल, खांद्यावरची ढोलकी उगाच सारखी करू लागला. तो देवमनचा धाकटा भाऊ. त्यांच्या भीमगीतांच्या पार्टीत देवमन पेटीवर, धर्मपाल ढोलकीवर आणि देवमनची बायको पंचफुला गायला, असं धम्मदीक्षेच्या सालापासून चालत आलं होतं. आज सकाळी अकोटहून एसटीत बसताना शालू का सोबत येते आहे हे पंचफुलाने विचारलंही नव्हतं. मॅट्रिकची परीक्षा झाली आहे, पोरगी अकोला बघायला येत असेल, एवढंच तिला वाटलं होतं.

दुकानदार वामनराव रेडिओ आणि लाऊडस्पीकर विकायचे. त्यांनी दोन सेट काढून ठेवले होते. एक मोठा, लोखंडी भोंग्याचा, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. दुसरा नवीन निघालेला, ट्रान्झिस्टरचा. एका लाकडी खोक्यातच मशीन आणि स्पीकर, आत टॉर्चमध्ये घालतात तसले सेल. खोक्याला वरून चामड्याचा पट्टा होता.

"आधी भोंगा लावा," देवमन म्हणाला.

वामनरावांनी भोंगा दुकानाच्या पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून ठेवला. शालू मायकासमोर उभी राहिली, तसा त्यांनी दांडा तिच्या उंचीला आणला. देवमनने पेटीवर सूर धरला, नेहमीचाच, उंच. शालूचा कोवळा आवाज भोंग्यातून बाहेर पडला आणि समोरच्या कापडाच्या दुकानातली गिऱ्हाइकं मागे वळली.

"पार मालधक्क्यापर्यंत गेला असंल," देवमन खुशीत म्हणाला.

पंचफुला पायऱ्या उतरून रस्ता ओलांडून पलीकडे गेली. कडुनिंबाच्या सावलीत टांगा लावून एक म्हातारा टांगेवाला बसला होता. त्याच्याजवळ ती गाणं संपेपर्यंत उभी राहिली.

"काय गायली वो ती पोरगी?" तिने विचारलं.

"सिनेमाचं असंल कोन्तं तरी," टांगेवाला म्हणाला. "शबद काई समजले नाई. आवाज खडा हाये पन."

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उन्हाने की कशाने लाल झाला होता.

"आता ते खोकं लावा," ती वामनरावांना म्हणाली. देवमन काही बोलणार होता. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. शालूने तेच कडवं पुन्हा म्हटलं, गावच्या विहिरीवर पाणी मागितल्याचं. पंचफुला पुन्हा रस्ता ओलांडून गेली, पुन्हा टांग्याजवळ उभी राहिली. या वेळी काही विचारावं लागलं नाही. टांगेवाला मान तिरपी करून ऐकत होता. विहिरीची ओळ आली, पाणी मागितल्याची ओळ आली, तेव्हा त्याने बिडी तोंडातून काढून हातात धरली.

"हे घ्याचं," परत आल्यावर ती म्हणाली.

देवमन हसला. "हे पेटारं? हे तं आपल्या वस्तीच्या भाईर जानार नाई."

"आयकाले मानसं वस्तीतच बसते ना?"

"त्याहिलेबी आयकू गेलं पाह्यजे."

"कोनाले?"

"खुशालरावाले," देवमन म्हणाला, आणि त्या नावासरशी त्याचा आवाज चढला.

वामनराव सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. चांदूर बाजारकडच्या एका गावात मागच्या हिवाळ्यात कार्यक्रम होता. गावात लाऊडस्पीकर एकच, गावचे पाटील खुशालराव यांचा, तो भाड्याने घेतला होता. विहिरीचं कडवं आलं तसा खुशालरावांच्या माणसाने तार ओढली आणि बॅटरी उतरली म्हणून सांगितलं. मांडवात माणूस मावत नव्हतं. देवमनने पेटी थांबवली नाही, उलट पट्टी आणखी वर नेली, आणि पंचफुलाकडे बघून मान हलवली: चालू दे. ती चालू राहिली. मांडवाच्या शेवटच्या माणसापर्यंत तिने गाणं पोचवलं, सगळंच्या सगळं. लोकांनी देवमनला खांद्यावर घेतलं. पंचफुला मांडवामागे जाऊन थुंकली तेव्हा थुंकीत रक्त होतं.

"ती बॅटरी कोन उचलंल?" तिने आता विचारलं. "पांदनीनं गाडी जात नाई तिथं कार्यक्रम असते आपले. भोंगा एकाच्या डोक्यावर, मशीन दुसऱ्याच्या, बॅटरी तिसऱ्याच्या. पेटी आन ढोलकी मंग मी घेऊ का?"

"घेऊ कसंबी. पन त्या मानसाच्या ओसरीत आवाज घुसला पाह्यजे."

"मंग खुशालरावासाठी गाता तुमी? वस्तीतल्या बाया काय आयकतील त्यातून? त्या टांगेवाल्याले सिनेमाचं गानं वाटलं ते."

"तुले मशीनमधलं काय समजते?"

वामनराव मध्ये पडले. "बाई म्हणतात ते तसं खोटं नाही. भोंगा लांब जातो, पण..."

"तुमी थांबा, भाऊ," पंचफुला म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. मोठा होतच नव्हता आता. जड, खरखरीत, तळातून येणारा आवाज होता तो. "मले भोंग्यातलं समजते. दीक्षेच्या सालापासून याहिचा भोंगा मीच होती. वर घे, आनखी वर घे, मांगच्याले आयकू आलं पाह्यजे. घेतलं म्या. आता भोंगा फाटला, म्हून दुकानात आले."

देवमनने इकडेतिकडे पाहिलं. कापडाच्या दुकानातले दोघे अजून दारातच उभे होते.

"घरी बोलू," तो म्हणाला.

"घरी तुमी काई बोललेच नाई. पोरीले धरून उभं केलं इथं, परक्या मानसासमोर. मी पदर खोचून उभी होती."

"वहिनी, मी म्हनलं होतं दादाले," धर्मपाल हळूच म्हणाला, "का आधी सांगा म्हून."

"म्हनलं, आन ढोलकी घेऊन मांगं मांगं आले."

धर्मपालने मान खाली घातली. शालूचे डोळे भरून आले होते. ती मायकापासून दूर सरली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"तुहा गळा नाई राह्यला, पंचफुला," देवमन म्हणाला. आता त्याचाही आवाज खाली आला होता. "डाक्टरनं सांगतलं ना तुह्यासमोर. मी काय करू? पार्टी बंद करू?"

"वरच्या पट्टीत नाई राह्यला. पट्टी कोनं नेली वर?"

वामनराव फडक्याने लाकडी खोकं पुसू लागले, ते स्वच्छच होतं तरी.

पंचफुला मायकासमोर गेली. दांडा शालूच्या उंचीचा होता. तिने स्वतःच स्क्रू सैल करून तो आपल्या ओठांपाशी आणला. सवयीने तिने छाती भरून श्वास घेतला, आणि मग तो तसाच सोडून दिला.

"धरा सूर," ती म्हणाली.

"कायले?"

"सेट तपासाले आलो ना? मंग तपासा."

देवमन पेटीपाशी बसला. भाता हलला, बोटं आपोआप नेहमीच्या जागी गेली. पंचफुला गप्प उभी राहिली. त्याने थोडं खाली घेतलं. ती तशीच. त्याने आणखी खाली घेतलं. इतक्या वर्षांत त्या पट्ट्यांवर त्याने गाण्याला सुरुवात अशी कधी केलीच नव्हती. बोट एकदा चुकीच्या काळ्या पट्टीवर पडलं आणि पेटी बेसूर वाजली.

"कुठून घेऊ?" त्याने विचारलं.

हे त्याने तिला कधी विचारलं नव्हतं. शालूनेही मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

पंचफुलाने सांगितलं नाही. तिने सुरू केलं. अंगणात बाजेवर बसून शेजारणीशी बोलावं तेवढ्याच आवाजात, ओठ जवळजवळ मायकाला लावून. लाकडी खोक्याने तो आवाज उचलला. त्यातली खरखर लपली नाही. उलट ती स्पष्ट झाली, जात्यातून जाडं भरडं पीठ पडावं तशी, आणि शब्द त्या खरखरीवरून एकेक करून बाहेर आले. धर्मपालचा हात ढोलकीवर गेला होता, तो तिथेच राहिला. वामनरावांचं फडकं थांबलं.

देवमन पेटीवर वाकून ऐकत होता. एक बोट ठेवून पाहायचं, उचलायचं, शेजारी ठेवून पाहायचं. पहिली ओळ पेटीशिवाय गेली. दुसरीही अर्धी गेली. मग त्याला तिचा सूर सापडला आणि तो हळूच तिच्या मागून चालू लागला.

पंचफुलाने त्याच्याकडे पाहिलं नाही. कडवं चालू असतानाच तिने एक हात मागे नेला, भिंतीला टेकलेल्या शालूचं मनगट धरलं आणि तिला मायकाजवळ, आपल्या शेजारी ओढून घेतलं. स्वतः ती तसूभरही सरकली नाही.