लाल्याचा खुराक

कळसाडीत कुणाची शेळी माजावर आली की तिला नानीबाईच्या दारात आणायचं, हे ठरलेलं होतं. बोकड म्हणावा असा गावात एकच, तिचा लाल्या. अंगाने भरलेला, वासावरून दोन गल्ल्या आधीच कळणारा, आणि मालकिणीसारखाच तोऱ्यात चालणारा. नानीबाईच्या शेळ्या बांधावर मिळेल ते ओरबाडत, लाल्याला मात्र वेगळा खुराक होता. तिचा मुलगा भरत शहाद्याला रिक्षा चालवायचा. येताना तो तिथल्या एका दुकानातून भुग्याची गोणी आणायचा, बेकरीतले शिळे टोस्ट आणि मुदत संपलेली बिस्किटं दळून केलेला भुगा. नराच्या अंगात जोर पाहिजे, एवढं नानीबाईचं शास्त्र. घरातही तेच चाले. तूप भरतच्या भाकरीवर, आणि सून सोनमच्या ताटात तव्यावरची शेवटची, करपलेली.

गेल्या वर्षापासून मात्र काहीतरी बिनसलं. लाल्याला दाखवलेल्या शेळ्या काही दिवसांनी परत माजावर येऊ लागल्या. शेजारचा गोकुळ दबकत दबकत सांगायला आला.

"नानी, मन्ही कबरी परत माजवर उनी."

"मंग?" नानीबाईने कमरेवर हात ठेवले. "मन्हा लाल्यामा खोट काढस का? तुन्ही बकरीच वांझ शे. इकी टाक तिले!"

जनावरातलं नानीबाईला कळतं, असं सगळं गाव मानायचं. गोकुळने कबरीला बाजारात नेलं आणि खाटकाने तिला गाडीत टाकलं. गोकुळच्या बायकोने दोन दिवस चूल नीट पेटवली नाही. तिने ती शेळी बाटलीने दूध पाजून वाढवली होती.

कबरीच्या बाबतीत लावलेला न्याय नानीबाईने घरातही लावला. भरतच्या लग्नाला चार वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. सोनमला तिने शहाद्याला दाखवलं, नंदुरबारला दाखवलं, सुया झाल्या, फोटो झाले. काही दोष नाही, असं डॉक्टर सांगायचे, म्हणून नानीबाई डॉक्टर बदलायची. शेवटी तिने सोनमच्या माहेरी निरोप धाडला आणि सोनमला सांगून टाकलं, "इतवारले तुन्हा भाऊ येई. तेन्हासंगे जाय." भरत तेव्हा रिक्षाची काच पुसत होता. स्वच्छ झालेली काच तो पुसतच राहिला.

त्याच आठवड्यात तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यातल्या कामिनी डॉक्टर लस टोचायला गावात आल्या. गोकुळने धीर करून चारचौघांत विषय काढला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इतक्या शेळ्या गाभ न राहता फिरल्या, मग बोकड कुणी तपासला का?"

नानीबाई उसळली. लोकांची तोंडं एकदाची बंद व्हावीत म्हणूनच ती लाल्याला भरतच्या रिक्षात घालून तालुक्याला घेऊन गेली.

तिथे लाल्याचं वीर्य काचेवर घेऊन डॉक्टरांनी यंत्राखाली धरलं. मग बाजूला सरकत म्हणाल्या, "या, तुम्हीच बघा. निरोगी बोकडाचं असेल तर इथे नुसती वळवळ दिसते."

नानीबाईने डोळा लावला. बारीक बारीक ठिपके होते, तेही विरळ. एखाददुसरा जागच्या जागी थरथरत होता. बाकी सगळे निपचित पडले होते.

"खायला काय घालता याला?"

खुराकाचं कौतुक सांगायला नानीबाईला एरवी शब्द पुरायचे नाहीत. आज तिने लाल्यासाठी सोबत घेतलेली भुग्याची पिशवी गुपचूप पुढे केली. डॉक्टरांनी मूठभर भुगा पाण्याच्या बादलीत टाकला आणि ढवळला. टोस्टचा लगदा तळाशी बसला. वर चंदेरी, लाल, पिवळा असा बारीक चुरा तरंगत राहिला.

"पुडे फोडायचा त्रास कोण घेतो? वेष्टनासकट दळलंय," डॉक्टर म्हणाल्या. "उंदरांवर प्रयोग झालेत. प्लास्टिकचे अगदी बारीक कण वृषणापर्यंत जातात, वीर्य खालावतं. लाल्याचं त्यानेच झालं, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. वयही असेल, आजार असेल. पण हे आजपासून बंद करा. आणि नानीबाई, शेळ्यांना नावं ठेवण्याआधी बोकड बघायचा असतो हो."

इतर शेळ्यांना ज्याच्या वासालाही तिने उभं केलं नव्हतं, ते हे. आपल्या हाताने, लाडाने भरवलेलं. नानीबाईला भडभडून आलं. येताना ती रिक्षात लाल्याच्या मानेवर हात ठेवून बसली आणि भरतच्या पाठीकडे बघत राहिली. चार वर्षांत या पोराला एकदाही कुणी डॉक्टरच्या दारात उभं केलं नव्हतं. तिनेही नाही.

गावात शिरताच गोकुळ भेटला. नानीबाईने त्याला खरं ते सांगितलं. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मन्ही कबरी तं गयी ना, नानी," एवढंच तो म्हणाला आणि घरात गेला.

घरी दाराशी सोनमचं बोचकं बांधून ठेवलेलं होतं. उद्या रविवार. सोनमने दोघांना वाढलं आणि आपलंही ताट घेतलं. नानीबाईने तुपाची वाटी उचलली, भरतच्या ताटापाशी नेली आणि तशीच सोनमच्या ताटाकडे वळवली. मग भरतला म्हणाली, "सोमवारले दवाखानामा जाय. तुन्ही बी तपासणी करी ये."

भरतचा घास हातातच राहिला. "मन्ही? काबरं? लोके काय म्हनतीन?"

"जे सोनमले म्हनतस, तेच म्हनतीन."

मोठं काही केल्यासारखं वाटून नानीबाईने सुनेकडे पाहिलं. सोनमने तुपाची वाटी परत मधे सरकवली होती. एवढ्या वर्षांत सासूच्या नजरेला नजर भिडवायची तिला सवय नव्हती, आज तिने ती भिडवली.

"आनि तेन्हामा खोट निंघनी नही तं?" तिने विचारलं. "मंग मी बी कबरीच ना?"

उत्तर नानीबाईला ठाऊक होतं, म्हणूनच तिला स्वतःची लाज वाटली. ती उठली, दाराशी गेली, बोचकं उचलून आतल्या खोलीत ठेवून आली आणि पुन्हा जेवायला बसली.

सोनमने हात धुतले. खोलीतून बोचकं आणलं आणि होतं तिथे, दाराशी, पुन्हा ठेवलं.