राणीचं नाव

सोमवारी सकाळी अकराला हेसेलबेकच्या माळावर नेमबाजीच्या जत्रेत उंच खांबावरचा लाकडी पक्षी एका खिळ्याला लोंबकळत होता, आणि गावातले पुरुष एकेक करून बिअरच्या तंबूकडे सटकत होते. दरवर्षीचंच हे. पक्ष्याचा मुकुट उडवायला, पंख पाडायला सगळे शूर. पण शेवटचा तुकडा ज्याच्या गोळीनं पडेल तो वर्षभराचा राजा, हे आठवलं की एकाला लघवीला लागते, दुसऱ्याला घरच्या गाई आठवतात. राजानं मिरवणुकीत पुढे चालायचं, संध्याकाळी पहिला नाच करायचा. आणि त्याआधी, पक्षी पडल्या पडल्या, साऱ्या गावासमोर राणीचं नाव मोठ्यानं सांगायचं.

एवाल्ड टिगेसचं घोडं तिथेच पेंड खात होतं. तो छपरं शाकारायचा. चर्चच्या कळसावर बिनधास्त चढेल, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याचं ततपप होई. त्यात 'ग' तर घशात हाडूक अडकावं तसा अडके, आणि बायकोचं नाव गुडरून. घरात तो तिला 'ऐक ना' एवढंच म्हणे. बंदूक घडवंचीवर टेकवलेली असते, आंधळ्याचाही नेम लागावा. तरी एवाल्डनं बावीस वर्षं नेम चुकवला होता. त्याला कसब लागतं.

आज सकाळी त्याच्या हिरव्या कोटाची बटणं लावताना गुडरून म्हणाली होती, "यंदा चुकवलंस तर मला कळेल."

"वा... वारा असतो ना."

"बावीस वर्षं तुझ्याच पाळीला वारा सुटतो? हे बघ, मला राणी व्हायची हौस नाही. तुला माझं नाव घ्यायची लाज वाटते असं गाव म्हणतं. म्हणू दे. पण हल्ली मलाही तसंच वाटायला लागलंय."

तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. हातातली बिअर तशीच कोमट झाली. तो झाडापर्यंत जाई, परत येई, कोटाचं बटण काढी, पुन्हा लावी. लाज तिची नव्हती, स्वतःची होती. पण हे सांगायलाही तोंडच लागतं.

"पळताय कुठे रे भित्र्यांनो?" नेमबाजांचा कप्तान कास्पर तंबूकडे बघून ओरडला. त्यानं यादीवर बोट ठेवलं. "टिगेस, तुझी पाळी."

"टिगेस आला, पक्षी वाचला," कुणीतरी म्हणालं, आणि तंबूत हशा पिकला.

एवाल्ड बंदुकीला गाल लावून उभा राहिला. सवयीनं त्यानं नळी जराशी डावीकडे सरकवली. मग मान वळवून पाहिलं. सगळं गाव पक्ष्याकडे बघत होतं, गुडरून त्याच्याकडे. त्यानं नळी परत आणली आणि चाप ओढला.

पक्षी धपकन गवतात पडला. बँड वाजू लागला, मघाचे पळपुटे धावत आले आणि त्यांनी एवाल्डला खांद्यांवर उचललं. कास्परनं हात वर करून बँड थांबवला.

"बोला राजेसाहेब, राणी कोण?"

"गु... गु..."

कुणीतरी फिसकन हसलं.

"नुसतं बोट दाखव रे," कास्पर हळूच म्हणाला. "आम्हाला काय माहीत नाही?"

एवाल्डचा हात उठलाही. पण गुडरून बाकावरून हलली नाही. शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं. "ऊठ की गं. किती छळशील त्याला?"

"बोलू दे त्याला," गुडरून म्हणाली.

एवाल्डला तिचा भयंकर राग आला. त्या रागातच त्यानं छातीभर श्वास घेतला.

"गु... गुडरून." आणि कुणी न विचारता पुन्हा, माळाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं, "गुडरून टिगेस. मा... माझी बायको."

आता कुणी हसलं नाही. कास्पर बाकाकडे वळला. "गुडरून, मान्य आहे का?"

ती उठली. तिचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. गाव पुन्हा वाट बघत राहिलं.

"सा... सावकाश," एवाल्ड लोकांच्या खांद्यांवरूनच म्हणाला. "आम्ही थांबतो."