खालून दिसलेली भिंत

रखमाजी गवंड्याने ओळंबा सोडला, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला,

“पोट सुटलंय हिला. पाड.”

धोंडाबाई चिखलाचे हात तसेच धरून उभी राहिली. भिंत कमरेइतकी आली होती. महिनाभर रोज पहाटे, घरचं शेणपाणी सुरू होण्याआधी, ती एकटी दगड रचत होती.

“काय चुकलं?”

रखमाजीने वरचे दोन दगड उपटले. “ही भाईरची रांग, ही आतली. मधी नुसता चिखल. दोन्ही रांगा धरून ठेवणारा आडवा, लांब धोंडा कुठाय? वरसभर माझ्या हाताखाली हायस, एवढं दिसलं न्हाई?”

दिसणार कुठून! शेजारच्या शिवऱ्याला शाळेच्या बांधकामावर ती पाट्या वाहत होती. बायांनी पाटी वर द्यायची आणि माघारी फिरायचं. भिंतीवर चढून दगड बसवणं पुरुषांचं. मान दुखेपर्यंत वर बघून तिने सगळं काम पाठ केलं होतं. पण खालून भिंतीची नुसती बाहेरची बाजू दिसते.

मिरगाच्या पावसाला पंधरा दिवस उरले होते. नवरा इंग्रजांच्या पलटणीतून बसऱ्याच्या लढाईला गेला तो परतला नाही, तेव्हापासून अकरा वर्षं ती थोरल्या भावाच्या, सावळारामच्या घरी होती. सगळ्यांच्या आधी उठायचं, सगळ्यांच्या नंतर जेवायचं, मजुरी त्याच्या हातात द्यायची. गोठ्याला लागून एका खोलीपुरती जागा तिने मागितली, तेव्हा तो चार माणसांत हसला होता. “मिरगापातूर भिंती उभ्या कर, जागा तुझी. न्हाईतर पुन्हा हा इषय काढायचा न्हाई.” फुकटात राबणारी बाई घालवायला त्याला काय वेड लागलं होतं? म्हणजे मरेपर्यंत इथंच.

तिने त्याच दिवशी भिंत पाडली. शिवऱ्याला जाणं बंद केलं. ओढ्यातले लांब धोंडे शोधून ती पाठीवरून आणू लागली. सावळाराम संध्याकाळी यायचा, बघायचा, मिशीत हसायचा आणि जायचा. दहाव्या दिवशी ओढ्यात गोल गोट्यांखेरीज काही उरलं नाही आणि कोपऱ्याला एक लांब धोंडा कमी पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी, चंद्राबाई, आता तिच्यावर पडलेलं धुण्याचं गाठोडं घेऊन परड्यात गेली आणि तशीच परत आली.

“वन्सं, धुण्याचा धोंडा कुठं गेला?”

“भिंतीत हाय,” भिंतीच्या कोपऱ्यावर चढून बसलेली धोंडाबाई म्हणाली.

अकरा वर्षं जिच्यावर धोंडाबाईने घरादाराचे कपडे आपटले होते, त्या शिळेचं गुळगुळीत टोक कोपऱ्यातून बाहेर आलं होतं. चंद्राबाईने त्यावरून हात फिरवला. आता ही नवऱ्याला हाक मारणार, असं धोंडाबाईला वाटलं.

चंद्राबाईने एकदा घराकडे पाहिलं. मग गाठोडं खाली टाकलं, चिखलाची पाटी उचलून वर दिली आणि माघारी न फिरता तिथंच उभी राहिली.

“कसं बसवता, मला बी दावा की.”

धोंडाबाईने पाटी बाजूला ठेवली आणि तिला वर घ्यायला हात खाली केला.

“खालनं न्हाई दिसायचं, वैनी. वर या.”