लाल इशारा आणि बंद खिडक्या

मंडळी, जगाला शहाणपण सांगणं फार सोपं असतं. तेच शहाणपण घरात, आपल्या आईसमोर उभं राहून सांगायचं म्हटलं की भल्याभल्यांची बोबडी वळते. रादीसावचं नेमकं हेच झालं.

सर्बियातल्या लेस्कोवत्स शहराच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर रादीसाव हवामानाचा अंदाज वाचायचा. आवाज असा भारदस्त, की बाजारातल्या बाया हातातली मिरची खाली ठेवून ऐकायच्या. त्या जुलैत मात्र त्याच्याकडे वाचायला रोज एकच गोष्ट होती. "दक्षिण सर्बियाला लाल इशारा. पारा बेचाळीस अंशांपर्यंत जाईल. आठवडाभर उतार नाही. म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांना जपा. बाळांना सैल, सुती कपडे घाला. ऊन चढलं की पडदे ओढा, पण सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडून घरात वारा खेळू द्या."

एवढं वाचून तो घरी यायचा, आणि घरी सगळ्या खिडक्या बंद!

घर शेवटच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. दाराच्या फटीतही टॉवेल कोंबलेला. आतल्या खोलीत त्याची बायको यास्ना घामानं निथळत बसलेली, आणि तिच्या मांडीवर नुकताच जन्मलेला वुकाशिन. डोक्याला लोकरीचं टोपडं, अंगाला घट्ट दुपटं, वर आणखी शाल.

हा सगळा कारभार रादीसावच्या आईचा, स्तोयांकाबाईंचा. बाळ-बाळंतिणीनं चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही, आणि तोवर घरात प्रोमाया शिरता कामा नये, हा त्यांचा कायदा. प्रोमाया म्हणजे समोरासमोरच्या खिडक्यांतून आरपार जाणारा वारा. आमच्याकडची माणसं सापाला भिणार नाहीत इतकी त्याला भितात. मान धरली? प्रोमाया. दात ठणकला? प्रोमाया. बसमध्ये घामाच्या धारा लागल्या तरी खिडकी उघडणाऱ्याला लोक फाडून खातात.

"रादीसाव, आईंना सांग ना रे," यास्ना काकुळतीला येऊन म्हणाली. "बाळाच्या गळ्याभोवती बघ कसं पुरळ उठलंय. मला स्वतःला श्वास घेववत नाही."

रादीसावनं खिडकी जरा किलकिली केली. त्यासरशी स्तोयांकाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि त्यांनी ती धाडकन लावली.

"तुझ्या थोरल्या भावाचं काय झालं, विसरलास? भर थंडीत मी म्हटलं, खोली कोंदटलीय, जरा खिडकी उघडावी. पोराच्या छातीत कफ भरला आणि पोर गेलं! ह्या हातांनी उघडली होती मी खिडकी. मी जिवंत आहे तोवर पुन्हा नाही!"

आईच्या त्या दुःखापुढे रादीसावची जीभ नेहमीच लुळी पडायची. तो बायकोच्या कानाशी पुटपुटला, "चार दिवस कळ काढ गं."

"चार दिवस?" यास्ना उसळली. "रेडिओवर काय सांगतोस? आठवडाभर उतार नाही! अख्ख्या जिल्ह्याला खिडक्या उघडायला लावतोस आणि तुझं स्वतःचं पोर भट्टीत शिजतंय!"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय! रादीसावनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेडिओवर त्याचा अंदाज लागला तेव्हा स्तोयांकाबाई स्वयंपाकघरात ऐकत होत्या. लेकाचा आवाज आला की त्यांची छाती फुगायची. "किती गोड वाचतो गं माझा मुलगा!" असं म्हणत त्या दाराखालचा टॉवेल पायानं आणखी आत सारत होत्या.

रादीसाव माइक बंद करून उठला आणि फोन वाजला.

"बाळ पीत नाही," यास्नाचा आवाज फाटला होता. "लंगोट सकाळपासून कोरडाय. हाका मारल्या, पाय चोळले, डोळेच उघडत नाही रे! तू ये, आत्ताच्या आत्ता ये!"

त्यानं रुग्णवाहिकेला फोन लावला. सगळ्या गाड्या बाहेर गेलेल्या. उन्हानं माणसं ठिकठिकाणी कोसळत होती. "स्वतः आणता आलं तर आणा, थांबू नका," पलीकडून सांगितलं. तो जिने चढून धापा टाकत पोचला, तेव्हा घरोघरी बाळंतिणींना बघायला जाणाऱ्या ल्युबिंका सिस्टरही दारातच भेटल्या. यास्नानं त्यांनाही बोलावलं होतं.

खोलीत शिरताच सिस्टर ओरडल्या, "इथं तर बाहेरपेक्षा जास्त तापलंय! अगोदर खिडकी उघडा आणि हे सोडा सगळं त्याच्या अंगावरचं!"

स्तोयांकाबाई खिडकीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. "आधी मला खाली ढकला, मग उघडा! एक पोर वाऱ्यानं नेलंय माझं. दुसरं नेऊ देणार नाही!"

"आजी, तेव्हा बाहेर काय होतं?"

"बर्फ होता. कमरेएवढा."

"आणि आज बाहेर काय आहे?"

स्तोयांकाबाईंनी मान वळवून काचेबाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे पाहिलं.

"तुमचं दुःख मोठं आहे, मी कोण त्याला नावं ठेवणार?" सिस्टरनी आवाज खाली आणला. "पण थंडीतला नियम तुम्ही वणव्यात लावताय. हे लोकरीचं टोपडं आज औषध नाही, विष आहे. इकडे या. नातवाच्या टाळूला हात लावून बघा."

त्या हलल्या नाहीत. आणि तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा, रादीसावनं आईला दोन्ही खांद्यांना धरून बाजूला केलं. खिडकी सताड उघडली. टोपडं, शाल, दुपटं, सगळं भराभरा उतरवलं. आत पोर लालबुंद, मलूल, ओठ सुकून चिकटलेले. स्तोयांकाबाईंनी बोटं टाळूवर ठेवली. टाळू खोल गेली होती!

"अगं बाई गं!" म्हातारीनं कपाळ बडवून घेतलं. "हे काय केलं मी!"

"रडायला वेळ नाही," सिस्टर म्हणाल्या. "कापड ओलं करा. गाडी काढा."

जुनी खटारा गाडी. यास्ना बाळाला ओल्या कापडात धरून मागे बसली, शेजारी सासू. सवयीनं गाडीच्या काचा वरच होत्या. थोडं पुढे गेल्यावर मागून स्तोयांकाबाईंचा आवाज आला, "काच खाली कर."

रादीसावनं आपल्या बाजूची काच खाली केली.

"दोन्हीकडची कर रे! वारा आरपार जाऊ दे! माझ्या सोन्याला हवा लागू दे!"

इस्पितळात बाळाला आत नेलं. सलाईनसाठी शीर सापडत नव्हती. एक डॉक्टरीण बाहेर आली, नुसती मान हलवून परत आत गेली. यास्ना भिंतीशी बसून राहिली. तिला पान्हा फुटला होता आणि प्यायला बाळ जवळ नव्हतं. त्या बाईकडे बघवत नव्हतं हो!

"मीच मारलं त्याला," स्तोयांकाबाई पुटपुटत होत्या.

"नाही आई," रादीसाव म्हणाला. "तुला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. रोज दिवसातून चारदा वाचत होतो, आणि घरी येऊन मूग गिळून बसत होतो. तुझा मान राखतोय असं वाटायचं. कसला मान? नुसता भित्रेपणा."

कितीतरी वेळानं आतून बारीकसा आवाज आला. रडणंही म्हणता येणार नाही असा, चिरका. यास्ना ताडकन उठली. दारात आलेली डॉक्टरीण म्हणाली, "अजून धोका आहे. पण रडतोय, चांगलं आहे. या, आई कोण? पाजून बघू." यास्ना आत धावली. मागे सासू जमिनीवरच बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली.

पुढचे काही दिवसही पारा उतरला नाही. बाळ इस्पितळातच होतं, पण आता अंगावर पीत होतं. अशाच एका सकाळी रादीसावनं अंदाज वाचला, तोच लाल इशारा, तेच बेचाळीस अंश. मग तो थांबला आणि म्हणाला, "आता माझी आई बोलेल."

मंडळी, सूचना छापल्यानं किंवा वाचल्यानं कुणाचा जीव वाचत नाही. जाणत्यानं ती आपल्या घरात, राग ओढवून घेऊन सांगावी लागते. रूढी मायेपोटी जन्मते हे खरं. पण ऋतू बदलला तरी माया डोळे मिटून बसली, तर तीच गळा आवळते. मायेनं केलेली चूक मोठ्या माणसानं चारचौघांत कबूल केली, तर त्याचा मान वाढतोच!

आणि माइकसमोर स्तोयांकाबाई घसा खाकरून म्हणाल्या, "आज्ज्यांनो, मला ओळखता सगळ्या. मी माझ्या नातवाला मायेनं मारत होते. माझ्यावर हसायचं तर नंतर हसा. आधी उठा, आणि पाळण्यातल्या पोराचं टोपडं काढा."